इच्छा आणि आत्मभान: स्मृतिभ्रंशात विसरण्यापलीकडचे दोन बदल

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या वागण्यात जे बदल होतात, त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा बदल घरच्यांच्या सर्वांत कमी लक्षात येतो. भास होणारा, रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारा किंवा सुनेने दागिने चोरले असा आळ घेणारा रुग्ण लवकर डॉक्टरांकडे पोचतो, कारण घर हैराण झालेले असते. खुर्चीत नुसता बसून राहणारा माणूस कोणालाच त्रास देत नाही. समोर पेपर असतो, पण त्याची घडी मोडलेली नसते. संध्याकाळचे फिरणे बंद होते, भजनी मंडळ सुटते, नातवंडे दंगा करत असली तरी नजर तिकडे वळत नाही. ‘वय झालं आता’ एवढ्यावर विषय संपतो. वैद्यकात या अवस्थेला ‘अ‍ॅपथी’ म्हणतात, मराठीत निरिच्छता म्हणता येईल. अल्झायमरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती असते आणि स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत तिचे प्रमाण याहून बरेच जास्त आहे.

बरेचदा तिच्या जोडीने आणखी एक बदल येतो. आपल्याला काही झाले आहे, हेच रुग्णाला कळत नाही. गॅस चालू राहतो, एकच बिल दोनदा भरले जाते, रोजच्या रस्त्यावर वाट चुकते, आणि विचारले तर उत्तर येते, ‘मला काय धाड भरलीय?’ घरचे पहिल्या अवस्थेला आळस समजतात आणि दुसरीला हट्टीपणा. दोन्ही समज चुकीचे आहेत. मेंदूतील विशिष्ट जाळी निकामी झाल्याने हे बदल घडतात, आणि कोणती जाळी आधी निकामी होतात हे स्मृतिभ्रंशाच्या प्रकारावर अवलंबून असते.

स्मृतिभ्रंश हे एकाच रोगाचे नाव नाही. विचार, स्मृती, भाषा किंवा वर्तन इतके ढासळणे की रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर जमेनासे होतात, अशा अवस्थेचे ते नाव आहे. तिच्यामागे अनेक रोग असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि त्यांपैकी 60 ते 70 टक्के रुग्णांत अल्झायमरचा वाटा होता. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला.

निरिच्छतेकडे स्वतंत्र लक्षण म्हणून पाहायला सुरुवात झाली ती 1990 च्या सुमारास. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी तिची व्याख्या केली आणि 1991 मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. प्रेरणा आटली आहे, पण ग्लानी, बुद्धीची घट किंवा मनाची व्यथा यांपैकी कशानेही त्याचा पुरता उलगडा होत नाही, असे त्यांच्या व्याख्येचे सार. पुढे 2006 मध्ये फ्रान्समधील रिशार लेव्ही आणि ब्रुनो द्युबोआ यांनी निरिच्छतेचे तीन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात भावना आणि कृती यांचा सांधा निखळतो. नातीचे लग्न ठरल्याचे कळते, पण त्याने आतून काही हलत नाही. दुसऱ्या प्रकारात कामाची आखणी करता येत नाही. चहा करायची इच्छा असते, पण पातेले, पाणी, साखर, पावडर हा क्रम मनात जुळत नाही, म्हणून माणूस उठतच नाही. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर आहे. त्यात आपणहून काही सुरू करण्याची यंत्रणाच बंद पडते. ‘आता जेवा’ म्हटले की रुग्ण नीट जेवतो, मात्र कोणी सांगितले नाही तर ताटासमोर तसाच बसून राहतो. बाहेरून तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात, तरी उपाय योजताना हा फरक कामी येतो. सध्याच्या निकषांनुसार पुढाकार, भावना आणि माणसांत मिसळणे यांपैकी किमान दोन बाबतींतली घट चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, ती पूर्वीच्या स्वभावाशी विसंगत असली आणि तिने रोजच्या जगण्यात अडथळा आणला, तर तिला निरिच्छता म्हणतात. जन्मभर अबोल असलेला माणूस म्हातारपणी अबोल राहिला, तर तो रोग नव्हे.

कोणतीही कृती करण्यापूर्वी मेंदू नकळत एक हिशेब मांडतो: यातून काय मिळेल आणि त्यासाठी किती कष्ट पडतील? कपाळामागच्या भागाच्या आतल्या बाजूचा पट्टा आणि मेंदूच्या खोल गाभ्यातील काही केंद्रे मिळून हा हिशेब करतात, आणि डोपामिन हे रसायन त्यात कळीचे आहे. ऑक्सफर्डमधील मेंदूतज्ज्ञ मसूद हुसेन यांच्या गटाने हे साध्या प्रयोगांतून तपासले आहे. माणसाला मुठीत दाबायचे एक उपकरण देतात आणि अमुक जोर लावला तर तमुक बक्षीस मिळेल, असे सांगतात. निरिच्छ रुग्ण कष्ट करूच शकत नाहीत असे नाही. लहान बक्षिसासाठी कष्ट घेण्याजोगे त्यांना वाटत नाही. हुसेन यांच्याच एका रुग्णाच्या मेंदूगाभ्यात दोन्ही बाजूंना अगदी छोटे पक्षाघात झाले होते. स्मृती आणि बुद्धी शाबूत, हातपाय धड, तरीही कामाचा आणि माणसांचा त्याचा रस पार संपला होता. डोपामिनचे काम करणाऱ्या औषधाने तो पुष्कळसा पूर्ववत झाला. हा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नव्हता, म्हणूनच त्याचे उदाहरण बोलके आहे. स्मृतीला धक्काही न लागता इच्छा मरू शकते.

निरिच्छता आणि नैराश्य यांची गल्लत डॉक्टरांकडूनही होते. दोन्हींत माणूस मंदावतो, छंद सोडतो, घराबाहेर पडत नाही. पण नैराश्यातला माणूस दुःखी असतो. त्याला रडू येते, अपराधी वाटते, जगणे नकोसे होते. निरिच्छ माणसाला विचारले, ‘कसं वाटतंय?’ तर तो म्हणतो, ‘बरं आहे की.’ तो खोटे बोलत नाही. त्याला खरेच वाईट वाटत नसते. त्रास होतो तो भोवतालच्यांना. हा फरक करणे भाग आहे, कारण नैराश्यावर सर्रास दिली जाणारी सेरोटोनिन वाढवणारी औषधे काही रुग्णांची निरिच्छता उलट वाढवतात. अर्थात, एकाच रुग्णात दोन्ही अवस्था असू शकतात.

स्वतःच्या आजाराची जाणीव नसणे ही गोष्ट आधी नजरेत भरली ती पक्षाघाताच्या रुग्णांत. शरीराची डावी बाजू लुळी पडलेली असूनही ‘मला चालता येतं’ असे ठामपणे सांगणाऱ्या रुग्णांचे वर्णन करताना पॅरिसमधील मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी 1914 मध्ये या अवस्थेला ‘अनोसोग्नोसिया’ असे नाव दिले. आजार कळत असूनही मान्य न करणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मन स्वतःला वाचवत असते, आणि विषय काढला की माणूस चिडतो, टाळाटाळ करतो. अनोसोग्नोसियात टाळण्यासारखे काही जाणवतच नाही. प्रत्यक्षात मात्र दोन्हींची सरमिसळ होते, आणि कोणत्याही एका वाक्यावरून निवाडा करता येत नाही.

रुग्णाला स्वतःची जाणीव किती आहे, हे तीन पद्धतींनी अजमावतात. एकीत डॉक्टर संभाषणावरून अंदाज बांधतात. दुसरीत तेच प्रश्न रुग्णाला आणि घरच्या माणसाला वेगवेगळे विचारतात आणि उत्तरांतले अंतर मोजतात. तिसरीत ‘या यादीतले किती शब्द आठवतील?’ असे आधी विचारून मग खरोखर चाचणी घेतात. दुसऱ्या पद्धतीत एक मेख आहे. वर्षानुवर्षे सेवा करून थकलेली पत्नी किंवा सून रुग्णाची अवस्था आहे त्याहून वाईट सांगू शकते, आणि दूरगावी राहणारा मुलगा ती आहे त्याहून बरी सांगतो. पद्धती वेगळ्या म्हणून उत्तरेही वेगळी येतात. शिवाय आत्मभान हा काही दिव्यासारखा चालू-बंद होणारा गुण नाही. ‘माझ्या लक्षात राहत नाही’ हे मान्य करणारा रुग्ण पैशांच्या व्यवहारात आपण चुकतो, हे साफ नाकारतो.

अल्झायमरमध्ये सुरुवातीला जाणीव बऱ्याच अंशी शाबूत असू शकते. ज्या रुग्णेमुळे हा आजार ओळखला गेला, ती ऑगस्टे डीटर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा 51 वर्षांची होती. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले. ते जमेना, तेव्हा आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे ती बोलली. अल्झायमर यांनी ते टिपून ठेवले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीही नोव्हेंबर 1994 मध्ये देशवासीयांना स्वहस्ते पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचे कळवले आणि पुढचा प्रवास कुठे जाणार, याची आपल्याला कल्पना असल्याचे सूचित केले.

रोग वाढतो तशी ही जाणीव साधारणपणे ओसरते, आणि तिच्या ओसरण्यात स्मृतीचाही हात असतो. प्रत्येक माणसाच्या मनात स्वतःविषयीची एक नोंद असते: आपल्याला काय येते, काय येत नाही. निरोगी माणूस चुकला की ती नोंद सुधारते. अल्झायमरच्या रुग्णाला चूक त्या क्षणी कळते, तो ओशाळतोही, पण ती स्मृतीत साठत नाही म्हणून नोंद जुनीच राहते. फेरफार नोंदवायचा राहून गेला की सात-बाऱ्यावर जमीन जुन्याच मालकाच्या नावावर दिसत राहते, तसा हा प्रकार. ‘मी चाळीस वर्षं हिशेब सांभाळले’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याच्यापाशी स्वतःची जी शेवटची नोंद आहे, ती तो वाचून दाखवतो.

कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांची झीज ज्यात प्रथम होते, त्या फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचे चित्र निराळे आहे, आणि कुटुंबांची सर्वांत जास्त ससेहोलपट इथेच होते. प्रागमधील आर्नोल्ड पिक यांनी 1892 मध्ये असा पहिला रुग्ण नोंदवला. हा रोग बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो. घर, नोकरी, मुलांचे शिक्षण ऐन भरात असताना माणूस बदलतो. या रोगाच्या वर्तनप्रधान प्रकाराच्या 2011 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सहा लक्षणे आहेत. निरिच्छता हे त्यांतले एक. बाकीची म्हणजे बेबंद वागणे, सहानुभूती आटणे, तेच ते करत राहणे, खाण्यापिण्याच्या सवयी बदलणे आणि आखणी-नियोजनाची घट. यांपैकी तीन असली तर या रोगाची शंका पक्की धरतात. स्मृती मात्र सुरुवातीला बरी असते. कालच्या जेवणात काय होते ते आठवणारा नवरा बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी टीव्हीसमोरून हलत नाही, तेव्हा हा आजार असेल असे तिला कसे वाटावे? बरेच रुग्ण आधी समुपदेशकाकडे किंवा घटस्फोटाच्या उंबरठ्यावर पोचतात, ते यामुळेच.

आत्मभान या प्रकारात सर्वांत लवकर आणि सर्वांत खोलवर जाते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2005 मध्ये रुग्णांना स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करायला सांगितले आणि ते नातेवाइकांच्या वर्णनाशी ताडून पाहिले. फ्रंटोटेम्पोरल रुग्णांनी आपले गुण वाढवून आणि दोष कमी करून सांगितले, आणि त्यांचे वर्णन आजारापूर्वीच्या त्यांच्या स्वभावाशी अधिक जुळले. अल्झायमरच्या रुग्णांचा अंदाज त्या मानाने बराच खरा निघाला. फ्रंटोटेम्पोरल रोगात चाचणीत नापास झाल्यानंतरही रुग्ण ‘छान झाली’ म्हणतो. इथे नोंद अडते ती विसरल्यामुळे नव्हे. चूक त्याला टोचतच नाही. हॉलिवूड अभिनेता ब्रूस विलिस याच्या कुटुंबाने 2023 मध्ये त्याला हा रोग असल्याचे जाहीर केले. त्याला आपल्या आजाराची कितपत कल्पना आहे, हे सांगणे अवघड असल्याचे त्याच्या पत्नीने नंतर एका मुलाखतीत सांगितले.

याच रोगाच्या भाषेवर घाला घालणाऱ्या उपप्रकारात, जिथे वाक्य जुळवताना अडखळायला होते, तिथे रुग्णाला आपली अडचण पुरती ठाऊक असते आणि तो त्रस्तही होतो. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणाऱ्या अल्झायमरच्या विरळ रूपातही असेच घडते. त्यात दृष्टीचा अर्थ लावणे बिघडते आणि आत्मभान बहुधा टिकून राहते. ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना 2007 मध्ये हा आजार असल्याचे निदान झाले. त्यांनी तो जाहीर केला, संशोधनासाठी मोठी देणगी दिली, माहितीपट केले, आणि हाताने टाइप करणे जमेना तेव्हा तोंडी सांगून कादंबऱ्या लिहिल्या. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच रोगद्रव्याने वेगवेगळ्या जागी घाव घातला की माणूस किती वेगळा आजारी पडतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण.

रक्तवाहिन्यांच्या दोषातून येणारा स्मृतिभ्रंश भारतात महत्त्वाचा आहे, कारण त्याची मुळे उच्च रक्तदाब आणि मधुमेहात आहेत. बारीक वाहिन्या बंद पडत गेल्या की मेंदूच्या पुढच्या भागाला गाभ्याशी जोडणारे धागे तुटतात. परिणाम म्हणजे मंदपणा आणि निरिच्छता, तीही स्मृती फारशी ढासळण्याआधी. जाणीव अल्झायमरपेक्षा बहुधा चांगली राहते, म्हणून जोडीला नैराश्यही येते. लेवी बॉडी स्मृतिभ्रंशात रुग्णाची शुद्ध दिवसागणिक, कधी तासागणिक वरखाली होते. त्यामुळे सकाळी जाणीव असलेला रुग्ण दुपारी पार हरवलेला दिसतो. ‘खोलीत लहान मुलं दिसतात, पण ती खरी नाहीत हे मला माहीत आहे,’ असे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण सांगू शकतात. याच कुळातल्या पार्किन्सनमध्ये निरिच्छतेचे डोपामिनशी असलेले नाते उघड दिसते. मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डोपामिनची औषधे झपाट्याने कमी केली, तर काही रुग्ण निरिच्छ होतात. आनुवंशिक हंटिंग्टन रोगात निरिच्छता रोगाबरोबर वाढत जाते, नैराश्य तसे वाढत नाही. आपले हातपाय आपोआप हलत आहेत, हेही अनेक रुग्णांना जाणवत नाही.

निरिच्छता आणि आत्मभान हरपणे एकमेकांसोबत आढळतात, विशेषतः अल्झायमरमध्ये. दोन्हींसाठी लागणारे मेंदूचे भाग काही अंशी सामाईक आहेत. कपाळामागचा आतला पट्टा प्रेरणेचा हिशेब करतो आणि चूक झाल्याचा इशाराही देतो. तो मंदावला की मिळणारे बक्षीस फिके वाटते आणि झालेली चूकही. शिवाय जो काही करूनच पाहत नाही, त्याला आपल्याला काय येईनासे झाले हे कळायची संधीही मिळत नाही. तरी एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढणे धोक्याचे. रक्तवाहिन्यांच्या आजारातला निरिच्छ रुग्ण स्वतःविषयी सारे जाणून असू शकतो.

तोंडाने ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या आत मात्र सारेच पुसलेले असते असे नाही. ब्रिटनमध्ये 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रंगीत अक्षरांत छापलेले शब्द दाखवून फक्त रंग सांगायला लावले. विस्मरणाशी, आजाराशी संबंधित शब्द आला की ते अडखळत, आणि आजाराची जाणीव कमी असलेले रुग्णही तसेच अडखळत होते. आयोवा विद्यापीठातील 2014 च्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना करुण आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण थोड्याच वेळात विसरले, पण दुःख किंवा आनंद मागे रेंगाळला. ‘यांना काय कळतंय’ असे म्हणून रुग्णाच्या समोरच त्याच्याविषयी बोलण्याची आपल्या घरांतली सवय या पार्श्वभूमीवर फारच निष्ठुर ठरते.

औषधांनी निरिच्छता थोडीफार हलते. अल्झायमरच्या 200 रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिथाइलफेनिडेट या औषधाने सहा महिन्यांत निरिच्छता कमी झाली, पण सुधारणा माफक होती. डोनेपेझिलच्या गटातील औषधे अल्झायमर आणि लेवी बॉडीत काहींना उपयोगी पडतात, फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मात्र त्यांचा लाभ होत नाही. रुग्णाला शांत ठेवण्यासाठी दिलेली मनोविकाराची जड औषधे निरिच्छता वाढवू शकतात, हे घरच्यांना आधी सांगायला हवे.

औषधांपेक्षा दिनक्रमाच्या आखणीचा भरवसा अधिक आहे. ‘काय करायचंय?’ हा प्रश्न निरिच्छ रुग्णाला झेपत नाही. मटार सोलायला समोर ताट ठेवले, शेजारी बसून पहिल्या दोन शेंगा आपण सोलल्या, तर हात चालू लागतात. सुरुवात दुसऱ्याने करून द्यायची आणि मोठ्या कामाचे छोटे टप्पे पाडायचे, हे सूत्र. पूर्वीच्या आवडीचे काम निवडले तर ते जास्त टिकते. आत्मभान गेलेल्या रुग्णाला पुरावे दाखवून पटवण्यात अर्थ नसतो, वादाचा कडवटपणा मात्र उरतो. गाडीची किल्ली, गॅसची झडप, बँकेचे खाते यांची व्यवस्था वाद न घालता बदलावी लागते. कागदपत्रे जाणीव शिल्लक असतानाच करावीत. भारतीय कायद्यात साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेल्यावर निष्प्रभ होते, मग कुटुंबाला पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. उपचारांबाबत मात्र 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची सोय देतो.

या सगळ्यात काळजी घेणाऱ्याचा विचार मागे पडतो. गोव्यात डॉ. अमित दियश आणि ‘संगाथ’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 81 कुटुंबे होती. त्यांतल्या काहींच्या घरी स्थानिक, जुजबी प्रशिक्षण घेतलेल्या सल्लागार जात. त्या आजार समजावून सांगत, रुग्णाचे वागणे कसे हाताळावे ते दाखवत आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या वागण्यात ठोस म्हणता येईल असा फरक पडला नव्हता. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारले होते.